सर जमशेटजी जीजीभाई : अर्जन आणि दान

'जे. जे.' ही दोन अक्षरे मुंबईशी थोडाही संबंध आलेल्या माणसाला परिचयाची असतात. भायखळ्याचे रुग्णालय याच अक्षरांनी ओळखले जाते आणि कलाशिक्षणासाठी देशभरातून येणारे विद्यार्थी ज्या संस्थेत प्रवेश मिळावा म्हणून धडपडतात, तिच्याही नावात हीच अक्षरे आहेत. नाव मात्र अक्षरांत आखडले आणि त्यामागचा माणूस हळूहळू विस्मरणात गेला. ज्याला स्वतःला शाळेची पायरी फारशी चढता आली नाही, अशा एका पोरक्या मुलाने मिळवलेल्या संपत्तीतून या संस्था उभ्या राहिल्या, हे आज किती जणांना ठाऊक असेल?

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी झाला. घराणे नवसारीचे, पारशी धर्माचे, बेताच्या परिस्थितीचे. वडील मेरवानजी विणकाम आणि कापडाच्या लहानशा धंद्यावर संसार चालवीत. १७९९ मध्ये, अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने, आई आणि वडील दोघेही निवर्तले. सोळा वर्षांच्या जमशेटजींना मुंबईत मामा फ्रामजी नसरवानजी यांच्याकडे आसरा मिळाला. मामांचा धंदा रिकाम्या बाटल्या विकत घेऊन पुन्हा विकण्याचा. त्यावरूनच त्यांना 'बाटलीवाला' हे आडनाव चिकटलेले. तरुण भाच्याने त्याच दुकानात व्यापाराचे पहिले धडे घेतले. गुजराती लिहिणे-वाचणे, तोंडी हिशेब आणि कामापुरती इंग्रजी, एवढीच त्यांची विद्या. मूळचे 'जमशेद' हे नावही त्यांनी बाजारातल्या गुजराती व्यापाऱ्यांच्या नावांशी जुळेल असे 'जमशेटजी' करून घेतले. पुढे १८०३ मध्ये मामांची कन्या अवाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

मुंबईत आले त्याच वर्षी ते एका नातलगाचे कारकून म्हणून चीनला जाणाऱ्या जहाजावर चढले. १८०७ पर्यंत त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. त्या काळी चीनचे कँटन हेच बंदर परदेशी व्यापाऱ्यांना खुले होते. इंग्लंडला चिनी चहाची चटक लागलेली आणि त्या बदल्यात चीनला हवा असा माल इंग्लंडजवळ नाही, अशा स्थितीत हिंदुस्थानातला कापूस व अफू यांना तेथे मोठी किंमत येई. प्रवास मात्र जिवावरचा असे. वादळांची भीती होतीच, शिवाय इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध पेटलेले. १८०५ मध्ये जमशेटजींचे 'ब्रन्सविक' हे जहाज सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच आरमाराने पकडले. कैदी म्हणून त्यांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला नेण्यात आले. तेथे ते जहाजही फुटले. जवळचा माल गेला, पैसा गेला आणि मोठ्या हालअपेष्टा सोसून ते कलकत्त्यामार्गे मुंबईस परतले. याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण शल्यचिकित्सक होता. संकटात जुळलेली ही ओळख पुढे आशियातील एका बलाढ्य व्यापारी पेढीशी जमशेटजींना जोडणारी ठरली.

१८०७ नंतर त्यांनी मुंबईतच ठाण मांडले. युरोपातील युद्धांमुळे कापसाचे भाव चढले होते आणि बाजाराची नाडी ओळखणाऱ्या जमशेटजींनी ती संधी साधली. १८१४ मध्ये त्यांनी 'गुड सक्सेस' हे पहिले जहाज खरेदी केले आणि पुढे स्वतःच्या जहाजांचा ताफाच उभा केला. त्यांच्या भागीदारीची रचना आजही विचार करायला लावणारी आहे. मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान, त्यांना पुढे येऊन मिळालेले रोजेरिओ द फारिया हे गोव्याचे ख्रिस्ती आणि जमशेटजी पारशी. चार धर्मांची माणसे एका व्यवहारात परस्परांच्या शब्दावर लाखोंची उलाढाल करीत होती. वयाची चाळिशी गाठेपर्यंत जमशेटजींची गणना मुंबईतील अग्रगण्य धनिकांत होऊ लागली होती.

या संपत्तीचा मोठा भाग अफूच्या व्यापारातून आला, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. माळव्यात पिकणारी अफू पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून चीनला जाई. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात हा व्यापार बेकायदेशीर नव्हता आणि मुंबईच्या प्रतिष्ठित पेढ्यांना त्यात काही गैरही वाटत नसे. चीनच्या बादशाहीने मात्र अफूवर बंदी घातलेली होती आणि तो माल तेथे चोरवाटेनेच शिरत असे. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचेही अतोनात नुकसान झाले आणि त्याच कारणावरून इंग्लंडने चीनवर युद्ध लादले. १८४२ मध्ये चीनला मानहानीकारक तह स्वीकारावा लागला. त्याच वर्षी जमशेटजींना 'सर' हा किताब मिळाला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. कँटनच्या बंदरात व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आणि मुंबईच्या रुग्णालयात बरे होऊन घरी परतलेले रोगी, या दोन्हींचा संबंध एकाच तिजोरीशी येतो. दानाने अर्जनाचा दोष धुऊन निघतो का, हा प्रश्न त्यांच्या चरित्रापुढे उभा राहतो आणि त्याचे सोपे उत्तर नाही. तरीही त्याच व्यापारात धनाढ्य झालेले पुष्कळजण होते. त्या धनाचे सार्वजनिक संस्थांत रूपांतर जमशेटजींइतक्या प्रमाणात फारच थोड्यांनी केले.

त्यांच्या दानाचा आरंभ कर्जबाजाऱ्यांपासून झाला. १८२२ मध्ये मुंबईच्या तुरुंगात किरकोळ देण्यांपायी अडकून पडलेल्या गरीब कैद्यांची कर्जे त्यांनी फेडली आणि त्यांची सुटका केली. एका सफरीत सारे काही गमावून बसलेल्या माणसाला कर्जाच्या ओझ्याची कल्पना वेगळी करून द्यावी लागली नसेल. १८३४ मध्ये अमीचंद शहा यांच्यासह त्यांनी मुंबईच्या पांजरपोळाची स्थापना केली. गुरे चारण्यावर सरकारने कर बसवला तेव्हा ठाकूरद्वाराजवळचे कुरण विकत घेऊन त्यांनी ते गरिबांच्या गुरांसाठी मोकळे सोडले आणि त्यावरूनच त्या भागाला 'चर्नी' हे नाव पडले, अशीही आख्यायिका सांगितली जाते.

पुढे मात्र त्यांच्या दानाला निराळे वळण लागले. हातावर पैसे ठेवण्यापेक्षा वर्षानुवर्षे टिकेल अशी संस्था उभी करावी आणि सरकारनेही तिचा भार उचलावा, अशी त्यांची दृष्टी बनली. सर्व जातींच्या गरीब रोग्यांसाठी रुग्णालय उभारण्याकरिता त्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि कंपनी सरकारने त्यात आपला वाटा घातला. ३ जानेवारी १८४३ रोजी कोनशिला बसली आणि १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी शेजारी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय उघडले. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या हिंदी तरुणांना रोग्यांच्या खाटेजवळ उभे राहून शिकण्याची सोय या रुग्णालयाने करून दिली. पेडणे महालातील मांद्रे येथे जन्मलेले आणि पुढे कुष्ठरोगावरील संशोधनाने प्रसिद्धी पावलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे याच महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतले.

या कार्यात अवाबाईंचा वाटा स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये त्या काळी खाडी होती. पावसाळ्यात होड्या उलटून माणसे दगावत. पूल बांधण्यास सरकार पैसा देईना. तेव्हा अवाबाईंनी एक लाख रुपये दिले आणि काम सुरू झाल्यावर ते अपुरे पडले तेव्हा आणखी ५७ हजारांची भर घातली. या वाटेवरून जाणाऱ्या कुणाकडूनही पथकर घेऊ नये, एवढीच अट होती. १८४५ च्या सुमारास माहीमचा पूल वाहतुकीस खुला झाला. दादर-माहीम भागातील लेडी जमशेटजी मार्ग आजही अवाबाईंची आठवण जागवतो. पुण्याच्या पाणीपुरवठ्यासाठी मुळा-मुठेवर घातलेल्या बंधाऱ्यालाही जमशेटजींनी सढळ हाताने साहाय्य केले.

शिक्षण हा त्यांच्या दानाचा अखेरचा आणि कदाचित सर्वांत जिव्हाळ्याचा विषय. १८४९ मध्ये त्यांनी गरीब पारशी मुलामुलींच्या शिक्षणासाठी 'पारशी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन' स्थापन केली. त्या काळी मुलींना शाळेत पाठवणे हे अनेक घरांना साहस वाटत असे, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. त्यानंतर एतद्देशीय कारागिरांच्या हाताला शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड मिळावी म्हणून त्यांनी कला आणि उद्योग यांच्या शाळेसाठी एक लाख रुपये दिले. मार्च १८५७ मध्ये ही शाळा सुरू झाली. पुढे १८८५ मध्ये तिच्या वर्गात दोन मराठी तरुण दाखल झाले. त्यांपैकी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडवून कारखानदारीचा पाया घातला, तर धुंडिराज गोविंद फाळके यांनी भारतीय चित्रपटाला जन्म दिला. नवसारीच्या एका विणकराच्या मुलाचे दान अशा रीतीने मराठी मुलखाच्या कर्तृत्वात येऊन मिसळले.

१८५७ मध्ये जमशेटजींना 'बॅरोनेट' ही वंशपरंपरागत पदवी मिळाली आणि हा मान मिळवणारेही ते पहिलेच हिंदी ठरले. आपल्या मानचिन्हावर त्यांनी उद्योग आणि औदार्य हे दोन गुण कोरून घेतले. १४ एप्रिल १८५९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी हयातीत केलेल्या दानाची बेरीज त्या काळच्या हिशेबाने सुमारे दोन लाख तीस हजार पौंड भरते.

त्यांच्या मृत्यूच्या वेळी कलाशाळेला जेमतेम दोन वर्षे झाली होती. तिला स्वतःची इमारतही नव्हती. एल्फिन्स्टन संस्थेच्या जागेत तिचे वर्ग भरत. स्वतंत्र वास्तू उभी राहिली ती १८७८ मध्ये, दात्याच्या पश्चात एकोणीस वर्षांनी. किर्लोस्कर, फाळके यांची नावे तर त्यांच्या कानी पडणे शक्यच नव्हते. शाळा काढणाऱ्याला बहुधा पहिले काही वर्ग तेवढे पाहायला मिळतात. त्यापुढचे सारे तो विश्वासावर सोडून जातो आणि तो विश्वास सार्थ ठरवण्याचे काम त्या शाळेत शिकून गेलेल्यांकडे येते.