आधी फर्स्ट क्लास!

बारावीनंतर मला अकोल्यातच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचं होतं. बाबा म्हणाले, आधी इंजिनिअरिंग कर, मग काय ते बघू. झालं! बॅग भरून अमरावतीच्या होस्टेलवर आलो आणि पहिल्याच सेमिस्टरला मॅथ्समध्ये बॅक लागला. त्याच दिवसांत लायब्ररीत होमी भाभांचं चरित्र हाती लागलं. वाटलं, अरे, ही तर आपलीच गोष्ट!

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईचा. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनिअर व्हायला. परत येऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागायचं, हे घरच्यांनी ठरवलेलंच होतं. पण पोराचा जीव फिजिक्समध्ये. शेवटी वडिलांनी अट घातली : मेकॅनिकलमध्ये फर्स्ट क्लास आण, मग गणित शिकायला पैसे देतो. भाभांनी १९३० मध्ये फर्स्ट क्लास आणला आणि मगच वाट बदलली.

आणि वेळ कशी साधली बघा! आपण फर्स्ट इयरला अणूची जी मॉडेल्स घोकतो, त्यातली बरीच माणसं केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतली. थॉमसननी इलेक्ट्रॉन शोधला तो तिथेच, १८९७ मध्ये. अणूच्या पोटात इवलंसं, जड केंद्रक असतं हे १९११ मध्ये मांडणारे रुदरफोर्ड आता तिथले प्रमुख होते. १९३२ मध्ये चॅडविकनी तिथेच न्यूट्रॉन शोधला. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टननी लिथियमचं केंद्रक फोडलं तेही त्याच वर्षी. अशा गर्दीत भाभा शिरले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचं त्यांनी मांडलेलं गणित आजही भाभा स्कॅटरिंग म्हणून शिकवतात.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले, तिकडे महायुद्ध पेटलं आणि ते इथलेच झाले. १९४५ मध्ये त्यांनी मुंबईत टीआयएफआर उभी केली. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. पाण्याच्या हौदात बुडवलेली भट्टी! न्यूट्रॉनचं फिजिक्स खरं, पण हौद, पंप, पाइप हे सगळं आपल्याच सिलॅबसमधलं की! २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळलं आणि भाभा गेले. वय अवघं ५६.

माझा बॅक आता निघालाय. बाबांजवळ फिजिक्सचा विषय अजून काढलेला नाही. आधी फर्स्ट क्लास आणतो, मग अकोल्याला जाऊन बोलतो.