रे. नारायण वामन टिळक व खेड्यांतील उपासनेचें वाद्य

मोठ्या शहरांतील कित्येक जुन्या ख्रिस्ती मंदिरांत नळ्यांचा ऑर्गन असे. भात्याचा वारा लहानमोठ्या नळ्यांत सोडला म्हणजे प्रत्येक नळी आपला एकेक सूर देते. असें वाद्य खेड्यांतील मंडळीच्या ऐपतीबाहेरचें होतें. पेटी मिळाली तरी खरी अडचण उरेच. पुष्कळ गीतें इंग्रजीवरून भाषांतरिलेलीं व चालीही विलायती. ओवी-अभंगांवर वाढलेल्या माणसांच्या तोंडीं त्या बसत नसत. स्वभाषेंत प्रार्थना करणारा मनुष्य गाण्यापुरता परका होई.

ही उणीव ज्यांनीं भरून काढली त्यांत रे. टिळक अग्रगण्य होत. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. बालपणींच मातोश्री निवर्तल्यावर ते नाशिकास गेले व तेथें संस्कृत शिकले. १८८० सालीं लक्ष्मीबाईंशीं त्यांचा विवाह झाला. १८९३ सालीं आगगाडींत एका सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यापायीं पत्नी व पुत्र कांहीं वर्षें दुरावले. पुढें लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या व त्यांनींही ख्रिस्तास पत्करिलें.

ख्रिस्ती कीर्तनाची वाट कृष्णराव सांगळे यांनीं आधींच पाडली होती. टिळकांनीं ती रुंद केली. शंभराहून अधिक गीतें त्यांनीं रचिलीं. पेटीचे सूर ठराविक असल्यामुळें दोन सुरांमधील मींड तींत निघत नाहीं. कंठांत व एकतारीवर ती सहज निघते. टाळ-मृदंग तर गांवोगांव होतेच. धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गोरोबाकाकांचें गांव. अशा मुलखांत अक्षरओळख नसलेलाही भजन मुखोद्गत म्हणतो. एकानें चरण म्हणावा व सर्वांनीं तो उचलावा, या रीतीनें पुस्तकावांचून गीत घरोघर पोंचतें.

१९०९ सालीं आरंभिलेलें ख्रिस्तायन टिळकांच्या हातून अपुरें राहिलें. लक्ष्मीबाईंनीं तें तडीस नेलें. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचा अंत झाला.

उपदेशक बंधूंनो, ज्या मंडळीजवळ ऑर्गन आहे तिनें तो वाळवी व ओल यांपासून जपावा. ज्या मंडळीजवळ तो नाहीं तिनें आपणांस दरिद्री समजूं नये. टाळांची एक जोडी व एकमेकांचा सूर ऐकणारे कान असले म्हणजे उपासनेस वाद्य मिळालेंच.