विजेची चाहूल घेणारा शिक्षक

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी चंडीगडला बाबांकडे गेलो होतो. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते तिथल्या इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्याची सुरक्षा सांभाळतात. एका दुपारी चौकीतला जुना मीडियम वेव्ह रेडिओ मधूनमधून खरखरू लागला. बाहेर ऊन होते, गडगडाट नव्हता. तरी बाबांनी शेडच्या पत्र्यावर काम करणाऱ्या दोघांना खाली उतरवले. ते कुरकुरतच उतरले. अर्ध्या तासात आंधी आली आणि विजा कडाडू लागल्या. रेडिओला आधी कसे कळले, हे शोधताना शाळेच्या ग्रंथालयात मला अलेक्झांडर पोपॉव भेटले.

त्यांचा जन्म १६ मार्च १८५९ रोजी रशियातील उरल पर्वताच्या भागात, एका खाणवस्तीत झाला. वडील धर्मगुरू होते. मुलाचे शिक्षणही धर्मपाठशाळेत झाले, पण त्याला ओढ यंत्रांची. पुढे त्यांनी सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात भौतिकशास्त्राचा अभ्यास केला आणि १८८३ पासून ते क्रोनश्टाट येथील नौदलाच्या टॉर्पेडो शाळेत शिकवू लागले. म्हणजे आपल्या सरांसारखेच तेही लष्करी शाळेतले शिक्षक!

वीज चमकते तेव्हा प्रकाश आणि आवाजाबरोबर रेडिओलहरीही निघतात. अशा लहरी हर्ट्झ यांनी प्रयोगशाळेत निर्माण केल्या होत्या. त्या ओळखण्यासाठी ब्रान्ली आणि लॉज यांनी धातूचा कीस भरलेली काचनळी वापरली. लहर आली की किसातून विद्युतप्रवाह वाहू लागे, पण नळीला टिचकी मारल्याशिवाय ती पुढची लहर ओळखत नसे. पोपॉव यांनी हे काम घंटेवरच सोपवले. प्रवाह सुरू झाला की हातोडी घंटेवर पडे आणि परतताना नळीवर आपटे. नळी पुढच्या विजेसाठी सज्ज!

७ मे १८९५ रोजी त्यांनी हे यंत्र शास्त्रज्ञांना दाखवले. त्याच वर्षी ते सेंट पीटर्सबर्गच्या वनविद्या संस्थेत बसवले गेले. दूरवरच्या विजांची नोंद कागदावर आपोआप होऊ लागली. त्याचे पेटंट मात्र पोपॉव यांनी घेतले नाही. पुढच्याच वर्षी मार्कोनी यांनी बिनतारी संदेशाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि जगात त्यांचे नाव झाले.

१८९९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘अप्राक्सिन’ ही युद्धनौका फिनलंडच्या आखातात हॉगलंड बेटाजवळ खडकावर अडकली. पोपॉव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेट व किनारा यांच्यात बिनतारी संपर्क उभारला. फेब्रुवारी १९०० मध्ये त्याच मार्गाने एक निरोप गेला : काही कोळी बर्फाच्या तुकड्यावर समुद्रात वाहून गेले आहेत. ‘येर्माक’ हे बर्फफोडे जहाज निघाले आणि ते कोळी वाचले. विजेकडे कान लावण्यातून सुरू झालेल्या कामाने माणसांचे प्राण वाचवले.

१९०५ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या विद्युत अभियांत्रिकी संस्थेचे संचालक झाले. तो रशियातील अशांततेचा काळ होता. सरकारचा दबाव असतानाही ते आपल्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहिले. जानेवारी १९०६ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४६ वर्षे.

आज पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था देशभरच्या संवेदकांनी विजेच्या याच लहरी टिपते. एकच लहर वेगवेगळ्या केंद्रांवर किंचित पुढे-मागे पोहोचते. त्या फरकावरून वीज कुठे पडली ते कळते. ‘दामिनी’ ॲप हा इशारा मोबाइलवर देते. आमच्या गावी काकांची बैलजोडी झाडाखाली विजेने गेली, तेव्हा आमच्याकडे कोणाला याची माहिती नव्हती. या सुट्टीत मी काकांच्या मोबाइलवर ते ॲप टाकून दिले. इशारा आला की शेत आणि झाड सोडून पक्क्या घरात यायचे, हेही त्यांना सांगून आलो.

पत्र्यावरचे ते दोघे कुरकुरत का होईना, पण उतरले होते. इशारा देणाऱ्याचे काम जितके मोलाचे, तितकेच तो ऐकणाऱ्याचेही.