पाहिले आणि आयुष्यभर केले

सुट्टीत परदेशातील तरुण आपल्याकडील ख्रिस्ती बालकाश्रमांत सेवेला येतात. पंधरा दिवसांत काय साधणार, असे आपण विचारतो. म्हणून आज पंडिता रमाबाईंची आठवण करू या.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. तरुणपणीच आई-वडील दुष्काळात गेले, पुढे पतीही वारले. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला, वाँटेज येथील अँग्लिकन सिस्टरांकडे गेल्या. सिस्टरांनी त्यांना लंडनमधील फुलहॅमचा आपला आश्रम दाखविला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळत. ही दया कोठून येते, याचा शोध घेत रमाबाई ख्रिस्ताकडे वळल्या. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशनमध्ये सांभाळल्या. टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथेच कृपासदन उघडले. १९२२ मध्ये त्या प्रभूघरी गेल्या.

त्या कॅथलिक नव्हत्या, तरी आपल्याला धडा देऊन गेल्या. फुलहॅमची भेट लहानशी होती, सेवा मात्र जन्मभराची झाली. गोरेगावच्या पालकांनो, यंदाच्या सुट्टीत आपल्या मुलांना जवळच्या बालकाश्रमात नेऊ या. सुट्टी संपल्यावर ती काय करतात, तेच खरे महत्त्वाचे.