ईस्ट चीमचा टोनी हॅनकॉक

२०१४ साली बीबीसीच्या रेडिओ फोरवर एका विनोदी मालिकेचे नवे भाग सुरू झाले. नवे म्हणजे कसले, साठ वर्षांपूर्वीचेच! संहिता जुन्या, लेखक तेच, नायकाचं नावही तेच. फक्त ज्याच्या नावावर ही मालिका चालायची, तो माणूस जाऊन ४६ वर्षं झाली होती. त्याच्या जागी केव्हिन मॅकनॅली नावाचा नट बोलत होता. हा आपल्याला ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मधला गिब्ज म्हणून माहीत आहे. मालिका होती ‘हॅनकॉक्स हाफ अवर’ आणि गेलेला माणूस होता टोनी हॅनकॉक. जुन्या मालिका पुन्हा करण्याची हल्ली लाटच आहे. पण माणूसच नाही तर मालिका परत येते का, हा प्रश्न मला हॅनकॉकच्या आयुष्याकडे घेऊन गेला.

टोनीचा जन्म १२ मे १९२४ चा, बर्मिंगहॅमच्या हॉल ग्रीन भागातला. तो तीनेक वर्षांचा असताना घरच्यांनी समुद्रकाठच्या बोर्नमथला बस्तान हलवलं. वडील तिथे हॉटेल चालवायचे आणि हौसेने रंगमंचावर विनोदी कार्यक्रमही करायचे. म्हणजे विनोद घरातच होता. पण टोनी लहान असतानाच वडील गेले. आईने पुढे दुसरं लग्न केलं. त्याला चांगल्या निवासी शाळांत घातलं होतं, पण पंधराव्या वर्षीच त्याने शाळा सोडली. मग युद्ध आलं. थोरला भाऊ कॉलिन हवाई दलात होता, तो १९४२ मध्ये मारला गेला. त्याच वर्षी टोनीही हवाई दलात भरती झाला आणि तिथेच सैनिकांसाठी कार्यक्रम करणाऱ्या राल्फ रीडरच्या ‘गँग शो’मध्ये शिरला.

युद्ध संपल्यावर लंडनमध्ये काम मिळवणं सोपं नव्हतं. सैन्यातून परतलेले असे होतकरू विनोदी नट ढिगाने होते. हॅनकॉकने विंडमिल थिएटरमध्ये कामं केली, आणि १९५१ मध्ये त्याला ‘एज्युकेटिंग आर्ची’ हा रेडिओवरचा कार्यक्रम मिळाला. हा प्रकार ऐकून मला तरी हसूच आलं. कारण आर्ची हा बोलका बाहुला, त्याला बोलवणारा पीटर ब्रो हा शब्दभ्रमकार, आणि हे सगळं रेडिओवर, म्हणजे ओठ हलतात की नाही हे बघायला कोणीच नाही! हॅनकॉक त्या बाहुल्याचा मास्तर झाला होता. त्यातून त्याचं नाव घरोघरी पोचलं.

त्याचं खरं नशीब उघडलं ते दोन लेखकांमुळे. रे गॅल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन हे दोघे क्षयरोगाच्या सॅनेटोरियममध्ये रुग्ण म्हणून भेटले होते. बरे होता होता त्यांनी एकत्र लिहायला सुरुवात केली. त्या काळी रेडिओवरचा विनोद म्हणजे थोडे चुटके, मग गाणं, मग परत चुटके असा असे. या दोघांना अर्धा तास एकच गोष्ट सांगायची होती. मध्ये गाणी नकोत आणि विनोद माणसाच्या स्वभावातूनच यायला हवा. २ नोव्हेंबर १९५४ ला ‘हॅनकॉक्स हाफ अवर’ सुरू झालं. आज आपण ज्याला सिटकॉम म्हणतो, त्याचा ब्रिटनमधला पाया घालणाऱ्यांत ही मालिका मोजतात.

मालिकेतला नायक होता अँथनी आलॉयशियस सेंट जॉन हॅनकॉक. आमच्याकडे आलॉयशियस नावाचे काका-मामा बक्कळ सापडतील, पण तिथे हे नाव मुद्दाम भारदस्त वाटावं म्हणून लावलेलं. पत्ता मात्र २३ रेल्वे कटिंग्ज, ईस्ट चीम, म्हणजे पडकं घर आणि खिशात दमडी नाही. अंगात फरची कॉलर असलेला कोट, डोक्यावर हॅट. हा माणूस स्वतःला मोठा विचारवंत, मोठा कलावंत समजतो, आणि जग आपल्याला ओळखत नाही म्हणून कुढतो. सोबतीला सिड जेम्स, जो दर भागात त्याला काहीतरी भानगडीत गंडवतो. शिवाय बिल कर, केनेथ विल्यम्स, हॅटी जॅक्स. हा सगळा गोतावळा जमून आला होता.

१९५८ चा एक भाग आहे, त्यात काहीच घडत नाही. रविवारची दुपार, बाहेर पाऊस, सगळे घरात जांभया देत बसलेत. बस. रेडिओवर शांतता म्हणजे यंत्र बिघडलं असं लोकांना वाटायचं, आणि इथे शांततेवरच हशा! रविवारची मिस्सा आटोपलीय, जेवण झालंय, पावसाळा आहे आणि लाइट गेलेत, अशा आपल्या दुपारी ज्यांनी काढल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९५६ पासून मालिका टीव्हीवरही आली. आता त्याचा चेहरा दिसू लागला. सुजलेले डोळे, लोंबणारे गाल. नुसत्या नजरेने तो वाक्याचं काम करायचा. मालिकेच्या वेळी दारूचे गुत्तेसुद्धा ओस पडायचे असं सांगतात.

इथून पुढची गोष्ट मात्र अवघड आहे. हॅनकॉकला कशातच समाधान नव्हतं. १९५५ मध्येच तो एकदा ताण सहन न होऊन सगळं टाकून निघून गेला होता, आणि हॅरी सीकम या नटाला त्याच्या जागी तीन भाग करावे लागले. म्हणजे बघा, हॅनकॉकशिवाय हॅनकॉकची मालिका हा प्रयोग त्याच्या हयातीतच झाला होता! पुढे त्याला वाटू लागलं की आपण इतरांच्या आधारावर उभे आहोत. एकेक माणूस कमी होत गेला. १९६० नंतर सिड जेम्सही नको झाला. त्याच वर्षी जॉन फ्रीमनने त्याची टीव्हीवर मुलाखत घेतली. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ, प्रश्न खोलवरचे. त्यानंतर तो स्वतःला जास्तच खोदत बसला असं त्याच्या जवळच्यांचं मत होतं.

तरी १९६१ ची मालिका त्याच्या उत्तम कामांत गणली जाते. एका भागात तो भाड्याच्या खोलीत एकटाच आहे, पूर्ण भागभर दुसरं माणूस नाही. दुसरा भाग रक्तदानाचा. हा मोठ्या उदारपणे रक्त द्यायला जातो, बोटाला टोचलं की काम झालं असं समजतो, आणि बाटलीभर द्यायचंय कळल्यावर पाय मागे घेतो. रक्तगट दुर्मीळ आहे म्हटल्यावर मात्र लगेच फुशारतो. शेवटी घरी पाव कापायच्या सुरीने हात कापून घेतो आणि त्याचंच रक्त त्याला परत चढवतात. आपल्या परोपकाराच्या हिशेबीपणावर इतकं नेमकं बोट क्वचितच कोणी ठेवलं असेल. हा भाग करताना तो नुकत्याच झालेल्या मोटार अपघातातून उठला होता. पाठांतर होईना म्हणून वाक्यं लिहिलेले फलक समोर ठेवून त्याने काम केलं. त्यातूनच पुढे पाठांतराची सवय सुटली.

त्याच वर्षी त्याने गॅल्टन आणि सिम्प्सन यांनाही सोडलं. त्या दोघांनी १९६२ मध्ये ‘स्टेप्टो अँड सन’ लिहिली आणि ती तुफान चालली. हॅनकॉकची १९६३ ची दुसऱ्या वाहिनीवरची मालिका पडली. दारू वाढली. दोन लग्नं मोडली. १९६८ मध्ये तो नवी मालिका करायला ऑस्ट्रेलियाला गेला. तीन भाग झाले होते. २५ जून १९६८ ला सिडनीत त्याने आपलं आयुष्य संपवलं. वय ४४. त्याची रक्षा विली रश्टन या विनोदी कलाकाराने इंग्लंडला परत आणली.

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण आत्महत्येला गंभीर पाप मानते. पण तीच शिकवण हेही सांगते की भयंकर मानसिक यातनेत माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाबद्दल आपण आशा सोडू नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. हॅनकॉक स्वतः काही श्रद्धाळू माणूस नव्हता, पण हे वाचताना मला त्याची आठवण आली. लाखोंना हसवणाऱ्याला दमलोय म्हणून कुणाच्या खांद्यावर डोकं टेकता आलं नाही, किंवा जे खांदे होते ते त्यानेच दूर केले.

आता पुन्हा त्या जुन्या मालिकेकडे. टीव्हीचे सुरुवातीचे बरेच भाग थेट दाखवले गेले, काही टेप पुसून परत वापरल्या गेल्या. संहिता तेवढ्या राहिल्या. १९९६ मध्ये पॉल मर्टनने त्यातल्या काही आयटीव्हीवर केल्या, तेव्हा दर भागात तुलना व्हायची आणि मर्टन बिचारा हरायचा. २०१४ ला रेडिओवर हरवलेले भाग मॅकनॅलीने केले, तेव्हा गॅल्टन आणि सिम्प्सन दोघेही हयात होते. २०१६ मध्ये बीबीसी फोरने टीव्हीवरचा एक हरवलेला भागही नव्याने उभा केला.

मराठी नाटकवाल्यांना यात विशेष काही वाटणार नाही. ‘तो मी नव्हेच’मधला निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे पणशीकरांनी गाजवला, पण भूमिकेचं नाव लखोबा होतं, पणशीकर नव्हतं. दुसऱ्या नटाला तिथे उभं राहायला जागा असते. हॅनकॉकने स्वतःचंच नाव भूमिकेला दिलं, आणि हळूहळू दोघांतला फरक त्याचा त्यालाही कळेनासा झाला. मला वाटतं, रेडिओवरचा प्रयोग म्हणूनच जास्त जमला. तिथे चेहरा मागायला कोणी नव्हतं आणि शब्दांना मोकळं बोलता आलं. मॅकनॅलीने हॅनकॉकच्या जागेवर हक्क सांगितला नाही, हरवलेलं तेवढं शोधून दिलं. जुनी मालिका परत करायची असेल तर कारण असं असावं.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी रविवारच्या दुपारच्या त्या भागापासून सुरुवात करावी. इंग्रजी थोडं जुनं आहे, दोन-तीन मिनिटांत कान सरावतो. आणि ऐकताना लक्षात ठेवा, त्या हशात सिड जेम्सचा, बिल करचा, हॅटी जॅक्सचा आणि त्या दोन क्षयरोगी पोरांचाही वाटा आहे. हॅनकॉकला हा वाटा ओझं वाटला, पण ऐकणाऱ्याला तीच त्या मालिकेची श्रीमंती वाटते.