चिमणीने दाखवलेली वाट

सहेरी आटोपून, फजरची नमाज झाली की आमच्यापैकी काही जण थेट बागेत जातात. सध्या तिथे तांबटाची ठोक-ठोक सुरू असते आणि गळ्यात कॅमेरे अडकवलेली चार-दोन तरुण मुले झाडांखाली माना वर करून उभी असतात. त्यांना पाहिले की डॉ. सलीम अली आठवतात.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी या पोरक्या मुलांना वाढवले.

मामांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली होती. चिमणी टिपायची, हलाल करून घ्यायची आणि खायची, हा पोरांचा उद्योग. दहा-बारा वर्षांच्या सलीमला एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खायला चालते का, ही शंका घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही पक्षी ओळखेना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. त्या इंग्रज साहेबाने चिमणीची जात सांगितलीच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे एकेक करून उघडून दाखवली. मुलगा त्या कपाटांपाशीच अडकला म्हणा ना!

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात मन लागले नाही. मुंबईच्या संग्रहालयात गाइड म्हणून नोकरी मिळाली, तिथून रजा घेऊन बर्लिनला प्रा. स्ट्रेसमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० साली परतले तर पैशाअभावी जागाच रद्द झालेली. बेकार सलीम अली पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले.

तिथे घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्याचे ते महिने त्यांनी शिडीवर आडोसा करून, तासन्‌तास पाहण्यात घालवले. घरटे विणतो तो नर, असे त्यांना दिसले. अर्धवट विणलेले घरटे मादी येऊन पारखते. पसंत पडले तर ती तिथे नांदते आणि नर पुढचे घरटे विणायला घेतो. आपल्या मराठीने मात्र सगळे श्रेय ‘सुगरणी’ला देऊन टाकले आहे! नोकरी गेली नसती तर हे निरीक्षण झाले असते का, कोण जाणे.

रानोमाळच्या भटकंतीत तहमीना त्यांच्यासोबत असत. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बांद्र्याला बहिणीच्या घरी ते राहू लागले. दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले आणि दारातला पक्षी नावाने ओळखणे सामान्य वाचकाला जमू लागले.

महायुद्धाच्या काळात सिंगापूरचे श्रीमंत गृहस्थ लोके वान थो त्यांना भेटले. या माणसाला पक्ष्यांच्या छायाचित्रणाचे वेड. दोघांची दोस्ती जमली, एकत्र मोहिमा झाल्या. अलींनी स्वतः मात्र अभ्यासासाठी बंदूकही वापरली. नमुन्यांशिवाय त्या काळी हे शास्त्र पुढे जात नव्हते. आजच्या कॅमेरेवाल्या मुलांना हे कदाचित खटकेल.

कर्मकांडात त्यांचे मन रमले नाही, आणि आत्मचरित्रात त्यांनी ते लपवलेही नाही. रमजानच्या पानावर त्यांना जागा का, असे कोणी विचारेल. विचारू द्या. पहाटे उठून, तहान-भूक विसरून एकाच झाडाकडे पाहत बसणे त्यांना जन्मभर जमले.

रिप्ले यांच्यासोबतचा दहा खंडांचा पक्षिकोश, भरतपूर वाचवण्याची धडपड, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा, हे सारे पुढे आले. त्याच वर्षी आत्मचरित्र निघाले. त्याच्या नावातही चिमणी आहे. २० जून १९८७ रोजी मुंबईत ते गेले. कोकणात सुगरणी घरटी विणायला घेतात, ते हेच दिवस.