रावबहादूर लोखंडे आणि मालकांचें कर्तव्य

आठवड्यांतून एक दिवस नोकरास सुट्टी द्यावयाची, ही गोष्ट आमच्या नगरच्या बाजारपेठेंतील कोणाहि मालकास आज नवी वाटत नाहीं. हा जणूं सृष्टिक्रमच आहे, असें धरून आपण चालतों. वस्तुतः ही सुट्टी कोणा मालकानें आपण होऊन दिलेली नाहीं, व मोठ्या माणसांस ती प्रथम कायद्यानेंहि मिळाली नाहीं. १० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाकडून ती मागून, भांडून मिळविली गेली. आणि ती मिळविण्यांत ज्यांचा हात सर्वांत मोठा होता, ते नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंड्यांचें घराणें मूळचें पुणें जिल्ह्यांतील खेड तालुक्यांतलें, कन्हेरसरचें. त्यांचा जन्म १८४८ सालीं ठाण्यास झाला. कांहीं काळ रेल्वेंत व पोस्टांत नोकरी केल्यावर ते मुंबईस मांडवीच्या कापडगिरणींत स्टोअरकीपर झाले. कोठीवरचा मनुष्य ना धड मालकांतला, ना धड मजुरांतला; पण दोघेहि रोज त्याच्या डोळ्यांसमोरून जातात. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाची दीक्षा त्यांनीं याच काळांत घेतली. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यास काढलेलें ‘दीनबंधु’ पत्र चालेनासें झालें, तेव्हां १८८० मध्यें लोखंड्यांनीं तें मुंबईस नेलें आणि बांधलेला पगार सोडून संपादकाची खुर्ची पत्करली. या मनुष्यास व्यवहार कळत नव्हता, असें आमचे व्यापारी वाचक म्हणतील. त्यांनीं पुढील हकीकत अवश्य वाचावी.

त्या काळच्या गिरण्यांत दिव्यांची सोय नसे. म्हणून कामाचा दिवस घड्याळावर न चालतां सूर्यावर चाले. उजाडतांच काम सुरू, अंधार पडल्यावर बंद. थंडींत हा दिवस कांहींसा आखूड, उन्हाळ्यांत तेरा-चौदा तासांचा. रविवारीं गिरणी बंद राहिलीच, तरी यंत्रें पुसण्यास मजुरास बोलावीत. पगार महिन्याचा, आणि तोहि पुष्कळ मागाहून. तोंवर संसार चालावयाचा तो वाण्याच्या उधारीवर व सावकाराच्या व्याजावर. १८८१ सालीं फॅक्टरीचा पहिला कायदा झाला. शंभर व त्याहून अधिक माणसें असलेल्या कारखान्यांत सात वर्षांखालील मूल ठेवूं नये, सात ते बारा वर्षांच्या मुलास नऊ तासांवर राबवूं नये, धोक्याच्या यंत्रांस कठडे घालावे, एवढाच त्याचा पल्ला. मोठ्या स्त्रीपुरुषांच्या कामाच्या तासांविषयीं त्यांत एक अक्षर नव्हतें.

एवढ्याशा कायद्यासहि आमच्या बहुतेक देशी पत्रांचा व पुढाऱ्यांचा विरोध होता, आणि तो सर्वस्वीं स्वार्थाचा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांस हिंदी मजुरांचा जो कळवळा येत होता, तो मुंबईचें सूत महाग व्हावें म्हणून, हें उघड होतें. परंतु आपल्या घरास आग लागल्याचें वैऱ्यानें सांगितलें, म्हणून आग खोटी ठरत नाहीं. लोखंड्यांनीं वैऱ्याचा हेतु बाजूस ठेवून आगीकडे पाहिलें. दुसरा आक्षेप याहून अवघड होता. मजूर स्वखुशीनें कामावर येतो, पटलें नाहीं तर जातो. मालक आणि तो यांच्या करारांत सरकारनें कां पडावें?

या आक्षेपाचें उत्तर आमच्या जिल्ह्यानें मुंबईच्या आधींच दिलेलें होतें. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुप्यास सुरू झालेला दंगा पारनेर, श्रीगोंदें या भागांत पसरला, आणि शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. त्या खतांवरहि अंगठे स्वखुशीचेच होते! कोर्टें खत पाहून निकाल देत. तें कोणत्या अडचणींत लिहून दिलें, हें विचारीत नसत. अखेर १८७९ मध्यें पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठीं दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा करावा लागला, आणि खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. पोट हातावर असलेल्याची खुशी आणि तिजोरी भरलेल्याची खुशी एका तागडींत तोलतां येत नाहीं, हें सरकारनें येथें मान्य केलें. मुंबईच्या गिरण्यांत कोंकणाबरोबर याच घाटावरच्या जिल्ह्यांतून माणसें जात होतीं. खताच्या जाचांतून सुटलेला मनुष्य भोंग्याच्या जाचांत सांपडला, इतकेंच.

१८८४ च्या सप्टेंबरांत लोखंड्यांनीं परळ भागांत मजुरांच्या सभा भरविल्या. त्यांतून निघालेल्या अर्जावर सुमारें साडेपांच हजार सह्या होत्या. मागण्या पाहाव्या. रविवारीं पूर्ण सुट्टी असावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावें. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत हातीं पडावा. आणि कामावर जबर इजा झालेल्या मजुरास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावें, कायमचा अधू झाल्यास त्याच्या पोटाची तरतूद व्हावी. यांत नफ्यांत वांटा मागितलेला नाहीं. केलेल्या कामाचा दाम वेळेवर द्या, असें अर्ज करून मागावें लागावें, याचीच आम्हांस लाज वाटते.

सहा वर्षें गेलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार मजूर जमले, व त्या सभेंत दोन मजूर स्त्रियाहि बोलल्या. दीड महिन्यांत रविवारची सुट्टी मान्य झाली. त्याच वर्षींच्या फॅक्टरी कमिशनच्या कामांत मुंबईच्या मजुरांतर्फे लोखंडे होते. पाठोपाठ १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांचा दिवस अकरा तासांवर आणला, नऊ वर्षांखालील मुलांस कारखान्याचें दार बंद केलें, आणि साप्ताहिक सुट्टी व दुपारची विश्रांति कायद्यांत घातली. हें सर्व ज्या ‘मिलहँड्स असोसिएशन’च्या नांवानें झालें, तिला ना वर्गणी होती, ना नियमांचें पुस्तक. आजच्या मोजमापानें तिला कोणी संघटनाहि म्हणणार नाहीं.

विधवांच्या केशवपनाविरुद्ध न्हाव्यांनीं केलेला १८९० चा संप त्यांनींच घडविला. १८९३ च्या हिंदुमुसलमानांच्या दंग्यानंतर सलोख्यासाठीं ते झटले. सरकारनें रावबहादूर केलें, तरी राहणी पालटली नाहीं. प्लेग आला तेव्हां ज्यांस शक्य होतें ते मुंबई सोडून गेले. लोखंडे रोग्यांच्या शुश्रूषेस राहिले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्याच रोगानें वारले. पुढच्याच महिन्यांत पुण्यास सावित्रीबाई फुले तशाच गेल्या. त्यांचें अध्यापनाचें शिक्षण आमच्या नगरास मिस फरार यांच्या शाळेंत झालें होतें.

इजा झालेल्याच्या मागणीस मात्र फार दिवस लागले. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं होऊन १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला, म्हणजे अर्जानंतर चाळीस वर्षांनीं. पगाराच्या तारखेचा कायदा १९३६ चा.

आणि सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यांत प्रवरेकांठीं घातला गेला, त्याच जिल्ह्यांतील पाथर्डीकडचीं कुटुंबें हंगामाच्या आरंभीं मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस बाहेर पडतात. नवराबायको मिळून एक कोयता. एकाचा दिवस आजारानें बुडाला, तर खाडा म्हणून पैसे कापले जातात व उचल तेवढीच फिटावयाची राहते. फडांत कोणाचा पाय कापला, तर त्याचा मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण या कारखान्यांचे सभासद आहेत, कांहीं संचालकहि असतील. येत्या वार्षिक सभेंत भावाचा प्रश्न विचारून झाल्यावर हाहि प्रश्न त्यांनीं विचारावा, व उत्तर इतिवृत्तांत लिहवून घ्यावें.